दहा लाख वर्षांचे एक पाऊल

भारतातून आई-वडील आले की त्यांना काय काय दाखवायचे याची यादी आपणा सर्वांकडे तयार असते. नायगारा, वॉशिंग्टन, डिस्नेलँड आणि ग्रँड कॅन्यन. ग्रँड कॅन्यनचा कार्यक्रमही ठरलेला. दिवसभर गाडी हाकायची, कठड्यापाशी फोटो काढायचे, "बापरे, केवढं हे!" म्हणायचे, डिकीतले दशम्या-चटणीचे डबे उघडायचे आणि परत फिरायचे. मीही दोन वेळा पाहुण्यांना असेच नेऊन आणले होते. तिसऱ्या खेपेला मात्र बरोबर बाबा होते आणि माझी बारा वर्षांची मुलगी होती.

बाबांनी वाईच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवले. संध्याकाळी आम्ही दक्षिण काठावर उभे होतो. मुलीने तिथली पाटी वाचली. दरीच्या तळाशी दिसणारा काळपट खडक सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याचे नाव 'विष्णू शिस्ट'. क्लॅरन्स डटन या भूवैज्ञानिकाने १८८०च्या सुमारास इथल्या एका सुळक्याला विष्णूचे देऊळ म्हटले, त्यावरून खडकालाही ते नाव पडले. बाबा खूश झाले. म्हणाले, "अगं, आपल्या पूर्वजांना हे केव्हाच ठाऊक होतं. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे चारशे बत्तीस कोटी वर्षं. आणि हे लोक आता पृथ्वीचं वय चारशे चोपन्न कोटी सांगतात!"

मुलीने विचारले, "पण त्यांना कसं कळलं? आणि यांना तरी कसं कळलं?"

बाबा गप्प झाले. मीही गप्प झालो. माझ्या नावामागे डॉक्टरेट आहे, पण दुसऱ्या प्रश्नाचे धड उत्तर मला देता येईना. घरी परतल्यावर वाचत बसलो. त्यातून जे हाती लागले ते इथे सांगतो.

युरोपात बराच काळ पृथ्वीचे वय बायबलातल्या वंशावळ्यांवरून काढत. आयर्लंडच्या आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली पिढ्या आणि राजांच्या कारकिर्दी जुळवून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी झाला असा निष्कर्ष काढला. आज आपण त्यांना हसतो. पण त्यांनी गणित प्रामाणिकपणे केले होते. त्यांचा पुरावा कागदावरचा होता, एवढेच.

खडकाला साक्षीला बोलावले ते स्कॉटलंडच्या जेम्स हटनने. तो शिकला वैद्यकी, पण केली शेती. पावसाबरोबर शेतातली माती वाहून जाताना तो वर्षानुवर्षे पाहत होता. ही माती समुद्रात जाते, तिथे तिचे थर साचतात, त्यांचा खडक होतो आणि तो पुन्हा वर येतो असे त्याचे म्हणणे होते. १७८८ साली जॉन प्लेफेअर आणि सर जेम्स हॉल या दोन मित्रांना घेऊन तो होडीतून सिकर पॉइंट नावाच्या किनाऱ्यावर गेला. तिथे करड्या खडकाचे थर पुस्तके उभी लावावीत तसे उभे आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर तांबड्या वालुकाश्माचे थर जवळजवळ आडवे पसरले आहेत.

याचा अर्थ काय? खालचे थर एके काळी समुद्रतळाशी आडवे साचले. त्यांचा दगड झाला. मग ते उचलले जाऊन उभे झाले, वरून झिजले आणि त्यांच्यावर नवी वाळू साचली. तिचाही दगड झाला, तोही झिजू लागला. हे सगळे जर शेतातली माती वाहते त्याच संथ गतीने घडले असेल, तर किती काळ लागला असेल? प्लेफेअरने पुढे लिहून ठेवले की काळाच्या त्या खोल विवरात डोकावताना भोवळ यावी तसे झाले. आज आपल्याला माहीत आहे की खालचा खडक सुमारे ४३.५ कोटी वर्षांचा आहे आणि वरचा सुमारे ३७ कोटींचा. हटनकडे हे आकडे नव्हते. त्याला फक्त एवढे कळले होते की काळ अफाट आहे.

आकडा काढायचा प्रयत्न केला तो लॉर्ड केल्विन यांनी, आणि आपल्यासारख्या इंजिनिअर मंडळींनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा. पृथ्वी आरंभी तप्त गोळा होती आणि तेव्हापासून निवत आली आहे, असे धरून चालायचे. खाणीत खोल जावे तसे तापमान किती वाढते ते मोजायचे, आणि उष्णतावहनाचे समीकरण सोडवायचे. १८६२ साली त्यांचे उत्तर आले : २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान. १८९७ पर्यंत त्यांनी ते २ ते ४ कोटींवर आणले. डार्विनला उत्क्रांतीसाठी याहून पुष्कळ अधिक काळ हवा होता, त्यामुळे केल्विनचा आकडा त्याला शेवटपर्यंत छळत राहिला.

केल्विनच्या गणितात चूक नव्हती. चूक गृहीतकात होती. पृथ्वी आतून-बाहेरून सारख्याच घट्ट खडकाची आहे असे त्यांनी धरले होते. १८९५ साली जॉन पेरी या इंजिनिअरने (हा एके काळी केल्विनचाच सहायक) दाखवून दिले की पोटातली उष्णता जर अधिक सहज वर येत असेल, तर तेवढ्याच मोजमापांवरून पृथ्वीचे वय शेकडो कोटींवर जाऊ शकते. त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. माझा धंदा संगणकाच्या प्रोग्रॅमचा. प्रोग्रॅम अचूक चालतो, उत्तर साफ चुकते, आणि दोष पहिल्या ओळीत धरून चाललेल्या एखाद्या गोष्टीत सापडतो, हा अनुभव आम्हाला नेहमीचा आहे.

खरे घड्याळ सापडले ते किरणोत्सर्गाच्या शोधानंतर. युरेनियमचे शिशात रूपांतर ठरलेल्या वेगाने होते. त्याच्या मुख्य प्रकाराचा निम्मा साठा संपायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. खडकात युरेनियम किती उरले आणि शिसे किती झाले हे मोजले की वय निघते. आर्थर होम्सने १९११ साली या पद्धतीने १६० कोटी वर्षांहून जुना खडक दाखवला. पण पृथ्वीचे जन्माचे खडक पुन्हा पुन्हा वितळून गेलेले. मग तिचे स्वतःचे वय कसे काढायचे? क्लेअर पॅटरसनने त्यासाठी ग्रहांबरोबरच जन्मलेली आणि पुढे न बदललेली उल्का घेतली. तिचे तुकडे याच ॲरिझोनात, फ्लॅगस्टाफच्या पूर्वेला असलेल्या प्रचंड उल्काविवराच्या परिसरात सापडतात. हवेत, भांड्यांवर, हातांवर, सगळीकडे शिसे असल्याने मोजमाप बिघडे. ते दूर ठेवता ठेवता त्याची कित्येक वर्षे गेली. अखेर १९५६ साली त्याने आकडा छापला : ४५५ कोटी, सात कोटी इकडे-तिकडे. ते शिसे येते कुठून याचा माग काढत तो पेट्रोलपर्यंत पोचला आणि पुढे शिसेयुक्त पेट्रोलच्या विरोधात उभा राहिला. अमेरिकेत मोटारींसाठी असे पेट्रोल विकणे १९९६ साली पूर्ण बंद झाले, त्यामागे त्याचाही वाटा आहे.

'कसं कळलं' याचे उत्तर हे असे आहे. पण कळणे वेगळे आणि उमजणे वेगळे. ते थोडेफार उमजले आमच्या सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

दक्षिण काठावर २०१० साली एक पायवाट आखली आहे. तिच्यावर दर मीटरला पितळी खूण आहे, आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे. यावापाईच्या संग्रहालयापासून निघून मागे मागे जायचे. आम्ही तिघे निघालो. पहिल्या मीटरमधले शेवटचे तीस सेंटिमीटर म्हणजे मनुष्यजात. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी दोन मिलिमीटरवर. ज्ञानेश्वरी पाऊण मिलिमीटरवर. मला या देशात येऊन वीस वर्षे झाली, ती केसाच्या जाडीतही मावून उरतील.

पाच-सहा पावलांवर कोलोराडो नदी ही दरी कोरू लागली. बाबांनी विचारले, "आपला सह्याद्री कुठे येतो रे यात?"

"सहासष्ट मीटरवर, बाबा." दख्खनचा लाव्हा तेव्हा वाहिला. वाईहून दिसणाऱ्या डोंगरांच्या ज्या पायऱ्या बाबा रोज पाहत आले, ते त्या लाव्हाचे एकावर एक पडलेले थर. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार त्यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर साचला. म्हणजे आमचा अख्खा सह्याद्री त्या वाटेवरच्या जेमतेम एका मीटरचा! बाबा त्या खुणेपाशी बराच वेळ उभे राहिले, मग जवळच्या बाकावर बसले. गुडघ्यांनी पुढे जायला नकार दिला होता.

मी हळूच विषय काढला. आपल्या कालगणनेप्रमाणे चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षे सरली आहेत. म्हणजे ४३२ कोटी हे पृथ्वीचे आजचे वय म्हणून कोणी सांगितलेच नव्हते. मला वाटले होते, बाबा रागावतील. ते म्हणाले, "एवढा मोठा आकडा मनात धरायची हिंमत त्यांनी केली, ती थोडी नाही. पण उत्तर जवळ आलं तरी रीत लिहिली नसेल तर मी पोरांना मार्क देत नसे. इथेही तोच नियम."

मुलगी एकटी पुढे गेली होती. तासाभराने धापा टाकत परत आली.

"पोचलीस का?" बाबांनी विचारले.

"विष्णूच्या खडकापर्यंत पोचले. तिथून तुम्ही दिसतच नव्हता, आजोबा. आणि पृथ्वीची सुरुवात अजून पावणेतीन किलोमीटर पुढे होती."