काटेरी तार : अमेरिकेच्या पश्चिमेची वाटणी करणारं साधं तंत्रज्ञान

शेताला तारेचं कुंपण ही आपल्याला काही नवलाची गोष्ट नाही. बांधावर खांब रोवले, तारा ओढल्या, काम झालं. पण हीच काटेरी तार अमेरिकेत बाजारात आली, तेव्हा जमीन कोणाची, पाणी कोणाचं आणि वाट कोणाची, याची उत्तरं पंधरा-वीस वर्षांत बदलली. ते कसं घडलं, ते पाहूया.

अडचण काय होती?

१८६२ साली अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. थोडी फी भरायची, १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन घ्यायची, पाच वर्षं तिथं राहून ती कसायची, की जमीन तुमच्या नावावर. पुढे १८६९ मध्ये युटामधल्या प्रॉमंटरी इथं पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रेल्वेमार्ग जोडले गेले. म्हणजे जमीन होती आणि तिथं जायला गाडीही होती. नव्हतं ते कुंपण.

पूर्वेकडच्या राज्यांत कुंपण लाकडाचं नाहीतर दगडाचं असे. पश्चिमेच्या मैदानात नजर जाईल तिथवर गवत. झाडं असलीच तर नदीकाठी. लाकूड बाहेरून आणणं लहान शेतकऱ्याला परवडत नसे. काटेरी झुडपांचं कुंपण वाढायला काही वर्षं लागत. साधी तार उन्हात सैल पडे, कडाक्याच्या थंडीत ताणून तुटे आणि गुरं अंग रेटून ती वाकवत. त्यात तिथली गुरं मोकळी चरायची. टेक्सासमधले कळप शेकडो मैल हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनपर्यंत नेले जात. असा कळप शेतात शिरला की वर्षाचं पीक गेलंच म्हणून समजा.

ग्लिडनने नेमकं काय केलं?

इलिनॉय राज्यातल्या डीकाल्बचा शेतकरी जोसेफ ग्लिडन याने १८७३ च्या स्थानिक शेतकी प्रदर्शनात एक लाकडी पट्टी पाहिली. तिच्यावर टोकदार काटे ठोकलेले होते. तारेला काटे लावायची कल्पना त्याच्या आधीही काहींनी मांडली होती, त्यांची पेटंटंही होती. पण काटा एका जागी घट्ट बसवायचा कसा, हा खरा प्रश्न होता. ग्लिडनने शोधलेला उपाय असा :

१. तारेचा छोटा तुकडा मुख्य तारेभोवती गुंडाळायचा आणि त्याची दोन्ही टोकं बाहेर ठेवायची. हा झाला काटा.
२. असे काटे ठरावीक अंतरावर बसवायचे.
३. मग दुसरी तार घेऊन दोन्ही तारांना एकत्र पीळ द्यायचा.

पीळ बसला की काटा दोन तारांमध्ये अडकतो. तो सरकत नाही, फिरतही नाही. सुरुवातीचे काटे वळवायला त्याने कॉफी दळायच्या हातचक्कीत फेरफार करून ती वापरली, असं सांगतात. २४ नोव्हेंबर १८७४ रोजी त्याला १५७१२४ क्रमांकाचं पेटंट मिळालं. त्यावरून बरीच कोर्टबाजी झाली आणि अखेर १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्लिडनच्या पेटंटच्या बाजूने निकाल दिला.

शेतातून कारखान्यात

१८७६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉशबर्न अँड मोएन कंपनीने ग्लिडनचा हिस्सा विकत घेतला आणि यंत्रावर भराभर तार बनू लागली. बेसेमर पद्धतीमुळे पोलाद स्वस्त होत होतं, माल पोहोचवायला रेल्वे होती. १८७४ मध्ये देशात सुमारे १०,००० पौंड काटेरी तार बनली होती. १८८० मध्ये हा आकडा ८ कोटी पौंडांच्या घरात गेला.

फायदा कोणाचा, तोटा कोणाचा?

लहान शेतकऱ्याचं पीक वाचलं, हे खरं. पण बड्या पशुपालकांनीही तार ओढली. काहींनी तर सरकारी जमीन, पाणवठे आणि रस्तेही तारेच्या आत घेतले. १८८३ च्या दुष्काळात टेक्सासमध्ये लोक रात्री टोळ्या करून तारा कापू लागले, त्यात माणसंही मेली. १८८४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने तार कापणं हा गंभीर गुन्हा ठरवला. त्याचबरोबर सार्वजनिक रस्त्यावर आडव्या आलेल्या कुंपणाला दर तीन मैलांवर फाटक ठेवायची सक्ती केली. १८८५ मध्ये केंद्रीय कायद्याने सरकारी जमिनीला बेकायदा कुंपण घालण्यावर बंदी आणली.

गुरांचेही हाल झाले. १८८५-८६ च्या हिवाळ्यात हिमवादळापुढे दक्षिणेकडे सरकणारे कळप टेक्सासच्या उत्तर भागातल्या लांबच लांब कुंपणांना येऊन अडकले आणि हजारो गुरं जागीच गोठून मेली. दूरवर कळप हाकणाऱ्या काउबॉयचं काम कमी होत गेलं; अनेकांच्या वाट्याला कुंपणाची राखण आणि दुरुस्ती आली.

सगळ्यात मोठा तोटा मूळ रहिवाशांचा झाला. सरकारने ‘मोकळी’ म्हणून वाटलेली जमीन त्यांचीच होती. १८८७ च्या डॉस कायद्याने जमातींची सामाईक जमीन माणशी तुकड्यांत वाटली आणि उरलेली बाहेरच्यांसाठी खुली केली. १८८७ मध्ये त्यांच्याकडे सुमारे १३.८ कोटी एकर जमीन होती. १९३४ पर्यंत ती ४.८ कोटी एकरांवर आली. हा कायदा काही तारेमुळे आला नाही. पण कागदावर आखलेली हद्द जमिनीवर स्वस्तात उभी करायचं साधन तारेनेच दिलं.

कुंपणावरून टेलिफोन

१८९३-९४ मध्ये बेलच्या टेलिफोन पेटंटांची मुदत संपली. खेड्यापाड्यांत तारा टाकायला मोठ्या कंपन्या फारशा उत्सुक नव्हत्या. मग शेतकऱ्यांनी कुंपणाच्या तारेलाच टेलिफोन जोडले! वीज खांबातून जमिनीत उतरू नये म्हणून काही ठिकाणी बाटल्यांच्या काचेचे तुकडे वापरले. एकाची घंटी वाजली की लाइनवरच्या सगळ्यांकडे वाजायची.

थोडक्यात

दोन तारा, एक काटा आणि थोडा पीळ, एवढंच हे तंत्रज्ञान. त्याने कुंपण स्वस्त केलं. पण कुंपण कुठं घालायचं आणि फाटक कुठं ठेवायचं, हे ठरवायला कायदे करावे लागले. ते येईपर्यंत बरीचशी वाटणी होऊन गेली होती.