सार्झानाची सकाळ

इटलीतील फासिस्ट सत्तेची कहाणी बहुधा २८ ऑक्टोबर १९२२ पासून सांगितली जाते. काळ्या सदऱ्यांतले तांडे रोमवर चालून गेले आणि सत्ता त्यांच्या हाती आली, अशी ती कहाणी. पुढची वीस वर्षे फासिस्टांनी तीच पाठ्यपुस्तकांतून आणि संचलनांतून गिरवली. पण या खासगी टोळ्यांचे स्वतःचे बळ किती होते, हे पाहायचे तर आणखी पंधरा महिने मागे, लिगुरिया प्रांताच्या टोकाला असलेल्या सार्झाना या छोट्या गावात जावे लागते.

मुसोलिनीने २३ मार्च १९१९ रोजी मिलानमध्ये आपली संघटना स्थापली, तेव्हा तिच्यात पहिल्या महायुद्धातून परतलेले ‘अर्दिती’ म्हणजे हल्लेखोर तुकड्यांचे सैनिक बरेच होते. काळा सदरा आणि खंजीर त्यांच्याकडूनच आला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत मात्र मिलानमध्ये फासिस्टांना पाच हजार मतेही पडली नाहीत आणि एकही जागा मिळाली नाही.

चित्र पालटले ते १९२० च्या हिवाळ्यात. पो नदीच्या खोऱ्यातील शेतमजुरांच्या संघटना तेव्हा जोरात होत्या. मजुरीचा दर आणि कोणाला कामावर घ्यायचे हेही त्याच ठरवत. समाजवाद्यांनी अनेक नगरपालिका जिंकल्या होत्या. धास्तावलेल्या जमीनदारांनी फासिस्टांना पैसा पुरवला. मग रात्री लॉऱ्या भरून टोळ्या गावांत उतरू लागल्या. मजूर संघटनांची कार्यालये, सहकारी भांडारे आणि छापखाने जाळायचे, पुढाऱ्यांना सोट्यांनी बडवायचे, बळजबरीने एरंडेल पाजून गावापुढे त्यांची अब्रू घालवायची, ही ठरलेली पद्धत. शेकडो माणसे या हिंसाचारात जिवानिशी गेली.

या काळात पोलीस कुठे होते? अनेक ठिकाणी बघ्यांत. काही लष्करी अधिकाऱ्यांनी टोळ्यांना लॉऱ्या आणि हत्यारेही दिली. अटक होई ती बहुधा मार खाणाऱ्यांनाच. मुरब्बी पंतप्रधान जोलित्ती यांचा हिशेब असा, की समाजवाद्यांना वेसण घालायला ही पोरे वापरावीत, नंतर संसदेत ती आपोआप माणसाळतील. मे १९२१ च्या निवडणुकीत त्यांनी फासिस्टांना आपल्या आघाडीत घेतले आणि ३५ फासिस्ट संसदेत पोहोचले.

२१ जुलै १९२१ च्या सकाळी सुमारे पाचशे फासिस्ट सार्झानाच्या स्टेशनवर आले. रेनातो रिच्ची हा त्यांचा पुढारी तिथल्या तुरुंगात होता, त्याला सोडवून न्यायचे होते. या मोहिमेचा म्होरक्या होता आमेरिगो दूमिनी. समोर काराबिनिएरी, म्हणजे सशस्त्र पोलीस, आणि काही सैनिक, सारे मिळून मूठभर. त्यांचा कप्तान बाजूला झाला नाही. गोळीबार झाला आणि इतर गावांना धाक घालणारा तो जमाव वाट फुटेल तिकडे पळाला. डझनाहून अधिक फासिस्ट मेले. काही गोळ्यांनी, काही पळताना चिडलेल्या गावकऱ्यांच्या हाती.

सार्झाना अपवादच राहिले. डिसेंबरमध्ये पंतप्रधान बोनोमी यांनी सशस्त्र टोळ्या विसर्जित करण्याचे आदेश दिले. फासिस्टांनी लगेच जाहीर केले, की पक्षाचा प्रत्येक सभासद हा टोळीचाही सभासद आहे. आता बंदी घालायची तर सबंध पक्षावरच घालावी लागणार होती. ते धाडस कोणी केले नाही.

रोमच्या वेळी पुन्हा तीच कसोटी होती. पावसात भिजलेले, तोकड्या शस्त्रांचे तांडे शहराबाहेर थांबले होते. रेल्वेमार्ग अडवले होते, फौज सज्ज होती. पंतप्रधान फाक्ता यांच्या मंत्रिमंडळाने लष्करी कायद्याचा आदेश तयार केला. राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने त्यावर सही नाकारली. त्याला सैन्याच्या निष्ठेविषयी शंका होती की यादवीची भीती, याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या आगगाडीने आला तो पंतप्रधान व्हायला. काळ्या सदऱ्यांचे संचलन रोममध्ये झाले ते त्यानंतर, ३१ ऑक्टोबरला. १९२३ च्या आरंभी याच टोळ्यांची सरकारी पगारावरची मिलिशिया झाली. १० जून १९२४ रोजी समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांना पळवून ठार मारण्यात आले. मारेकऱ्यांचा म्होरक्या होता तोच दूमिनी.

जर्मनीनेही याच वाटेने पावले टाकली. एप्रिल १९३२ मध्ये हिटलरच्या ‘एस.ए.’ या तपकिरी सदऱ्यांच्या दलावर बंदी आली, जूनमध्ये पापेन सरकारने ती उठवली आणि उन्हाळाभर रस्त्यांवर मुडदे पडले. फेब्रुवारी १९३३ मध्ये गोअरिंगने प्रशियात याच माणसांना सहायक पोलीस केले. काल ज्यांना पोलिसांनी पकडायचे होते, त्यांच्याच दंडावर आता पोलिसांची पट्टी आली.

सार्झानाच्या त्या पोलिसांकडे जगावेगळे शस्त्र नव्हते, संख्याबळ तर नव्हतेच. जो कायदा त्यांच्या हाती होता, तोच इटलीतल्या प्रत्येक ठाण्यात होता.