वसईची वही, मुंबईची साखळी

1554 साली सिमाओ बोतेल्यो या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गोव्याच्या हुकमतीखालच्या साऱ्या मुलखाची महसुलाची वही तयार केली. वसईची पाने तिच्यात भरगच्च आहेत. गुजरातच्या बहादूरशहाने 1534च्या तहाने वसई आणि आसपासची बेटे पोर्तुगीजांना दिली, त्याला वीस वर्षे झाली होती. कोणते गाव कोणाकडे, किती खंडाने, किती पिढ्यांसाठी, हे लिहून ठेवल्यावाचून कारभार चालणार नव्हता. मुंबई बेट तेव्हा वसईच्या हाताखाली होते. त्याच्या नावे 1,432½ पर्दाव या नाण्यांचा वार्षिक खंड नोंदलेला सापडतो आणि तो भरायचा वसईच्या खजिन्यात. पुढे मुंबई इंग्रजांकडे गेली. 1739च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. राज्ये बदलली, वही मात्र टिकली. 1868 साली ती लिस्बनमध्ये छापून निघाली, म्हणून आजही वाचता येते.

मुंबईचे नाव एका वहीला मिळाले ते 2020 साली. ही वही कागदाची नव्हती. मॅटिक नावाच्या कंपनीची ती चाचणीची ब्लॉकचेन होती. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी 2017मध्ये मुंबईत ही कंपनी सुरू केली. 2021पासून जग तिला पॉलिगॉन म्हणून ओळखते. तिची खरी साखळी 2020च्या मे महिन्याच्या अखेरीस चालू झाली. तिच्या जोडीला रंगीत तालमीसाठी जी साखळी उभी राहिली, तिचे नाव ‘मुंबई’, क्रमांक 80001.

ब्लॉकचेनमध्ये वही सांभाळणारा कोणी एक कारकून नसतो. जगभरच्या अनेक संगणकांवर तिची तीच प्रत असते आणि अशा प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. नोंदींचा गठ्ठा म्हणजे ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा ठसा असतो, त्यामुळे मागचे एक अक्षर बदलले तरी पुढचे सगळे ठसे चुकतात. नोंद पुसता येत नाही, हे अशा वहीचे बळ आहे आणि चूकही पुसता येत नाही, हा तिचा धोका. म्हणून तालमीची साखळी लागते. तिच्यात प्रोग्राम तेच, नियम जवळपास तेच, फक्त नाणे बिनमोलाचे. ते मागितले की फुकट मिळते.

बिनमोलाचे नाणे बिनमोलाचे राहावे, हीच या चाचणी साखळ्यांच्या इतिहासातली सर्वांत अवघड गोष्ट ठरली. बिटकॉइनची पहिली चाचणी साखळी 2010ची. तिची नाणी लोक पैसे घेऊन विकू लागले, तेव्हा ती टाकून नवी सुरू करावी लागली. 2012ची तिसरी साखळी बारा वर्षे चालली आणि 2024मध्ये चौथी आली. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या चाचणी साखळ्यांनी तर नावेच स्टेशनांची घेतली. रॉप्स्टेन आणि रिंकबी ही स्टॉकहोमच्या मेट्रोची स्टेशने आहेत, कोव्हान सिंगापूरचे आणि सेपोलिया अथेन्सचे. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून बॅकबेला पहिली लोकल सुटली आणि तेव्हापासून वसई-मुंबईच्या किनाऱ्याचे घड्याळ गाडीवर चालते. तिथल्या माणसाला ही नावे ठेवण्याची रीत परकी वाटू नये. रॉप्स्टेनवर 2017च्या फेब्रुवारीत कोणीतरी अवाढव्य ब्लॉकांचा मारा केला आणि साखळी निकामी करून टाकली. त्यानंतर आलेल्या कोव्हान आणि रिंकबीमध्ये ब्लॉक लिहिण्याचा अधिकार ठरावीक, ओळखीच्या मंडळींकडेच ठेवला गेला.

मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या 2019च्या अभ्यासक्रमात ब्लॉकचेन हा विषय आला. वसई रोडचे विद्यावर्धिनी आणि विरारजवळ शिरगावचे विवा ही महाविद्यालये याच विद्यापीठाची. शिकणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न साधा असतो: घरात एकच लॅपटॉप, त्यावर विंडोज, त्याच्यावरच भावंडांचा अभ्यास. मग नोड चालवायचा कुठे?

उत्तर व्हर्च्युअल मशीन. एका यंत्राच्या पोटात दुसरे यंत्र वसवण्याची कल्पना आयबीएमच्या केंब्रिजमधल्या केंद्राने 1960च्या दशकात प्रत्यक्षात आणली. तेव्हा संगणक खोलीभर असे आणि प्रत्येक वापरणाऱ्याला तो आपला एकट्याचा वाटावा, एवढा हेतू होता. घरच्या संगणकावर ही सोय 1999मध्ये व्हीएमवेअरने आणली. 2007मध्ये व्हर्च्युअलबॉक्स खुला झाला आणि तो फुकट मिळू लागला. आतल्या यंत्रात उबुंटू टाकायचे. काही बिघडण्याआधी त्याची स्थिती जपून ठेवायची आणि बिघडले की मागे यायचे. पुसता न येणारी वही शिकण्यासाठी पुसता येणारे यंत्र वापरायचे, ही जोडी फार नेमकी जमली आहे.

वरवर काम सोपे दिसते, पण अडते ते बारकाव्यांवर. बायॉसमध्ये आभासीकरणाची सोय बंद असेल तर यंत्र धड चालतच नाही. नेटवर्क ‘नॅट’वर ठेवले तर आपला नोड दुसऱ्यांना गाठू शकतो, पण दुसऱ्यांना आपल्यापर्यंत येता येत नाही, त्यासाठी ‘ब्रिज्ड’ करावे लागते किंवा पोर्ट उघडावे लागते. यंत्र थोपवून पुन्हा चालू केले की आतले घड्याळ मागे पडलेले असू शकते आणि चुकीच्या वेळेचा नोड इतरांच्या पंगतीत बसत नाही. पावसाळ्यात अचानक वीज गेली तर नोड कित्येक ब्लॉक मागे जाऊन पुन्हा सुरुवात करतो, कधी साठवलेली माहितीच खराब होते. म्हणून यंत्र नीट बंद करण्याची सवय सर्वांत आधी लावून घ्यावी.

‘मुंबई’चा नोड मात्र जडच होता. त्यात एक नव्हे, दोन प्रोग्राम चालत: ब्लॉक रचणारा बोर आणि त्यावर नजर ठेवणारा हाइमडॉल. शेकडो जीबींची जागा हवी, तीही एसएसडीवर. शिवाय हाइमडॉलला इथेरियमच्या गोर्ली या चाचणी साखळीशी सतत बोलावे लागे, कारण ‘मुंबई’च्या ब्लॉकांचा गोषवारा ठरावीक अंतराने तिथे टाकला जाई. बहुतेक शिकणाऱ्यांना मेटामास्क हे ब्राउझरमधले पाकीट आणि दुसऱ्या कोणाच्या नोडचा पत्ता पुरे होता. तरी ज्याने स्वतः नोड उभा केला, त्याला वही कशी लिहिली जाते हे आतून कळले.

या तालमीतून पुढे काय उभे राहू शकते, याचा एक नमुना महाराष्ट्रातच आहे. 2022मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत सुमारे 65,000 जातीच्या दाखल्यांची पडताळणी पॉलिगॉनवर आणण्याचे काम हाती घेतले गेले. दूरच्या जंगलातल्या माणसाचा दाखला खरा की खोटा हे कोणालाही तपासता यावे, यासाठी तंत्रज्ञान वापरणे हा त्याचा सर्वांत चांगला उपयोग म्हणावा लागेल.

‘मुंबई’ बंद पडली ती गोर्लीमुळे. गोर्लीच्या नाण्यांचा साठा मर्यादित होता, ती दुर्मीळ झाली आणि 2023मध्ये त्यांचीही खरेदी-विक्री सुरू झाली. गोर्ली आवरती घेतली गेली, तसा ‘मुंबई’च्या पायाखालचा आधार गेला. सेपोलियाच्या आधाराने ‘अमॉय’ ही नवी साखळी आली, क्रमांक 80002, आणि 2024च्या एप्रिलमध्ये ‘मुंबई’ थांबली. भारतातल्या कितीतरी प्रोग्रामरांनी आपला पहिला स्मार्ट करार, म्हणजे साखळीवर चालणारा प्रोग्राम, तिच्यावर लिहिला होता. तालमीची वही जपण्याची जबाबदारी कोणावर नसते, आणि म्हणूनच ती जपायला हवी.

अजून ते शक्य आहे. कोणाच्या जुन्या डिस्कवर ‘मुंबई’च्या नोडचे व्हर्च्युअल मशीन पडून असेल, तर त्या एका फाइलमध्ये बरेच काही आहे: पहिल्या ब्लॉकची जेनेसिस फाइल, बोर आणि हाइमडॉल यांच्या त्या वेळच्या आवृत्त्या, त्यांची मांडणी आणि साठवलेले ब्लॉक. तिची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर करावी. मग मूळ फाइलला हात न लावता, नेटवर्क बंद ठेवून प्रत सुरू करावी आणि शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक व त्याचा ठसा कागदावर उतरवून घ्यावा. पुढे दुसऱ्या कोणाची प्रत सापडली तर त्या क्रमांकाचा ठसा जुळतो का, एवढे पाहूनच दोन्ही वह्या एक आहेत की नाहीत ते ठरवता येईल.