दोन वर्षं की दहा वर्षं? कार्टर रोडची केस

आज सुरुवात एका आकड्यापासून. दोन वर्षं. दारू पिऊन गाडी चालवली, त्यात माणूस गेला, तर बऱ्याचदा जास्तीत जास्त शिक्षा एवढीच असायची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, छपाईची चूक असेल. नव्हती.

ही शिक्षा सांगणारं कलम म्हणजे भारतीय दंड संहितेतलं ३०४-अ, निष्काळजीपणाने मृत्यू. ते घातलं गेलं १८७० साली. तेव्हा आपल्या रस्त्यांवर मोटार हा प्रकारच नव्हता. टांगे, घोडे, बैलगाड्या. हातून चूक झाली, कुणी दगावलं, पण मारायचा हेतू नव्हता, अशांसाठी ते कलम होतं. पुढे मोटारी आल्या आणि अपघाताच्या केसेस याच कलमात बसवल्या गेल्या.

आता या मुंबईत. १२ नोव्हेंबर २००६, वांद्र्याचा कार्टर रोड, पहाटे पावणेचार-चारची वेळ. रस्त्याच्या कामावरचे मजूर फुटपाथवर झोपलेले. एक कार थेट त्यांच्या अंगावर गेली. सात जण गेले, आठ जखमी. चालवणारा तरुण पोरगा. रक्ताच्या तपासणीत अल्कोहोल निघालं ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलीलिटर रक्तात ११२ मिलिग्रॅम. कायद्याची मर्यादा किती? ३०. जवळजवळ चौपट.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली, म्हणजे प्यायलेल्या अवस्थेत गाडी चालवली म्हणून, अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी व्हावी लागते. नाहीतर सोडून द्यावं लागतं. दारू रक्तातून उतरत जाते ना, घड्याळ आरोपीच्या बाजूने चालतं. आणि फुंकर मारायला नकार दिला म्हणून सुटका होत नाही. तो नकारही कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येतो.

तर केस उभी राहिली. २००७ मध्ये सत्र न्यायालयाने ३०४-अ लावलं : सहा महिने कैद आणि पाच लाख दंड. सात माणसं, सहा महिने. हिशोब तुम्हीच करा.

सरकार हायकोर्टात गेलं. तिथे प्रश्न बदलला. ही नुसती चूक होती का? इतकी पिऊन स्टिअरिंगवर बसणाऱ्याला आपण कुणाचा तरी जीव घेऊ शकतो, हे कळत नसतं का? हायकोर्ट म्हणालं, कळत असतं. मग कलम लागलं ३०४ भाग २, सदोष मनुष्यवध. त्यात हेतू सिद्ध करावा लागत नाही, जाणीव पुरते. कमाल शिक्षा दहा वर्षं. त्याच वर्षी त्याला तीन वर्षं सक्तमजुरी झाली.

आरोपी सुप्रीम कोर्टात गेला. बचाव असा, की एकाच घटनेला निष्काळजीपणा आणि मनुष्यवध ही दोन्ही कलमं एकत्र लावता येत नाहीत. १२ जानेवारी २०१२ ला न्यायमूर्ती लोढा आणि खेहर यांनी तो फेटाळला. तीन वर्षं कायम. त्यानंतर, जुनी दंड संहिता लागू होती तोवर, अशा अपघातात पोलीस ३०४ भाग २ लावायचे, तेव्हा या निकालाचा आधार हमखास घेतला जायचा. प्रत्येक केसमध्ये ते कलम कोर्टात टिकायचंच असं नाही, हेही खरं.

निकालात मला सगळ्यात जास्त खटकलेली जागा शेवटाकडे आहे. कोर्टाने स्वतःच म्हटलंय, की तीन वर्षं ही शिक्षा अपुरी आहे. मग वाढवली का नाही? कारण हायकोर्टाच्या निकालानंतर शिक्षा वाढवा म्हणून राज्य सरकारने अपीलच केलं नव्हतं. मागितलंच नाही, तर देणार कसं?

१ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली आणि ३०४-अ इतिहासजमा झालं. त्याच्या जागी कलम १०६, कमाल पाच वर्षं. दोनाचे पाच व्हायला १५४ वर्षं लागली. आणि कुणाला धक्काही न लावता नुसते पिऊन सापडलात तर? पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. हा आकडा २०१९ चा. त्याआधी दंड होता दोन हजारांपर्यंत.