परीक्षा भौतिकशास्त्राची, कसोटी परीक्षकांची

विशेष प्रतिनिधी

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात कॅलटेक येथे १९६१ ते १९६३ या दोन वर्षांत रिचर्ड फाइनमन यांनी सुमारे १८० विद्यार्थ्यांना प्राथमिक भौतिकशास्त्र शिकवले. ही व्याख्याने पुढे ग्रंथरूपाने जगभर गाजली. मात्र जून १९६३ मध्ये त्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत खुद्द फाइनमन यांनी आपल्या प्रयोगाच्या यशाविषयी निराशेचा सूर लावला होता. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी परीक्षेतील उदाहरणे ज्या रीतीने सोडवली, ती पाहता ही पद्धत फसली असावी, असे त्यांचे मत झाले होते. डझन-दोन डझन विद्यार्थ्यांना मात्र जवळजवळ सर्व काही समजले होते, असे त्यांच्या सहकाऱ्यांचे निरीक्षण होते.

विसाव्या शतकातील एका थोर शिक्षकाने आपल्या अध्यापनाचे माप परीक्षेच्या तराजूत केले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. परंतु त्यातून एक प्रश्नही उभा राहतो. परीक्षा नेमके काय मोजते? शिकवणे फसले, विद्यार्थी कमी पडले, की प्रश्नच चुकीचे होते? अमेरिकी विद्यापीठांतील पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या परीक्षा आणि गुणदान यांचा गेल्या काही दशकांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचीच धडपड होय.

जो शिकवतो तोच परीक्षक

आपल्याकडे संलग्न महाविद्यालयात शिकवणारा एक, प्रश्नपत्रिका काढणारा दुसरा आणि उत्तरपत्रिका तपासणारा तिसरा, अशी रीत रुळलेली आहे. अमेरिकेत तसे नसते. वर्गात शिकवणारा प्राध्यापकच प्रश्नपत्रिका काढतो, गुणदानाचे निकष ठरवतो आणि अंतिम श्रेणीही देतो. एका सत्राच्या प्रारंभीच तो अभ्यासक्रमाची पत्रिका विद्यार्थ्यांच्या हाती ठेवतो. परीक्षांच्या तारखा, गुणांची विभागणी आणि चुकलेल्या परीक्षेबाबतचे नियम तीत नमूद असतात. ही पत्रिका म्हणजे एका परीने शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील करारच मानला जातो.

या अभ्यासक्रमाचे साधारणपणे दोन प्रकार असतात. वैद्यकीय आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी बीजगणितावर आधारलेला, तर अभियांत्रिकी व भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी कलनशास्त्रावर आधारलेला. पहिल्या सत्रात यामिकी म्हणजे बल, गती, ऊर्जा आणि संवेग, तर दुसऱ्या सत्रात विद्युत व चुंबकत्व असा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. गुणांची विभागणी उदाहरणादाखल अशी असू शकते : गृहपाठ १० टक्के, प्रयोगशाळा २० टक्के, सत्रातील दोन परीक्षा प्रत्येकी २० टक्के आणि अंतिम परीक्षा ३० टक्के. एकाच परीक्षेवर सारे भवितव्य टांगलेले राहू नये, हा यामागचा हेतू असतो.

मोठ्या सरकारी विद्यापीठांत या एका अभ्यासक्रमाला शेकडो विद्यार्थी बसतात. एवढ्या उत्तरपत्रिका एकट्या प्राध्यापकाला तपासणे अशक्यच असते. हे काम प्रामुख्याने पदव्युत्तर विद्यार्थी करतात. अध्यापन साहाय्यक या नात्याने त्यांना शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते. पुण्या-मुंबईहून भौतिकशास्त्रात पीएच.डी. करण्यासाठी तिकडे गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा अमेरिकी शिक्षणव्यवस्थेशी पहिला खरा परिचय अशाच उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून होतो.

उत्तर चुकले, तरी गुण किती?

भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत खरी अडचण शून्य गुण किंवा पूर्ण गुण देताना येत नाही. ती मधल्या उत्तरांत येते. पाच मीटर उंचीच्या घर्षणरहित उतारावरून एक ठोकळा घसरत खाली आला, तर तळाशी त्याचा वेग किती, असा साधा प्रश्न घेऊ. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम लावला, की उत्तर सुमारे ९.९ मीटर प्रतिसेकंद येते. आता एका विद्यार्थ्याने नियम बरोबर लावला, समीकरण अचूक मांडले, पण आकडेमोडीत चूक करून ९९ मीटर प्रतिसेकंद असे लिहिले. दुसऱ्याने कोणतेही स्पष्टीकरण न देता केवळ ९.९ एवढेच लिहिले. अधिक गुण कोणाला?

यासाठी तपासणीपूर्वीच निकषांचा तक्ता तयार केला जातो. आकृतीला किती, योग्य नियम निवडण्याला किती, समीकरण सोडवण्याला किती आणि एककाला किती, हे त्यात ठरते. पहिल्या पायरीवरील चूक पुढच्या पायऱ्यांत वाहत गेली, तर तिचे गुण एकदाच कापावेत, हा सर्वमान्य संकेत आहे. ९९ मीटर प्रतिसेकंद म्हणजे ताशी सुमारे ३५६ किलोमीटर. पाच मीटर घसरलेल्या ठोकळ्याला हा वेग शक्य नाही, एवढे विद्यार्थ्याने उत्तराखाली लिहिले, तर अनेक प्राध्यापक त्याबद्दल गुण देतात. कारण आपले उत्तर निसर्गाशी ताडून पाहणे हेदेखील भौतिकशास्त्रच आहे.

दुसरा संकेत एका परीक्षकाने एकच प्रश्न तपासण्याचा. दहा परीक्षकांना प्रत्येकी शंभर उत्तरपत्रिका वाटून दिल्या, तर कडक परीक्षकाच्या वाट्याला आलेल्यांवर अन्याय होतो. त्याऐवजी पहिला प्रश्न सर्वांचा एकाने, दुसरा प्रश्न सर्वांचा दुसऱ्याने तपासला, तर परीक्षक कडक असो वा उदार, सर्वांना सारखाच लागू होतो. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले परिसरातून पुढे आलेल्या ग्रेडस्कोप या संगणकप्रणालीने ही पद्धत पडद्यावर आणली. निकषात मध्येच बदल केला, तरी आधी तपासलेल्या सर्व उत्तरपत्रिकांचे गुण तीत आपोआप सुधारतात.

तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती परत पडते, हेही महत्त्वाचे. गुणांबाबत तक्रार असल्यास ठराविक मुदतीत ती लेखी मांडावी लागते. पुनर्तपासणीत गुण वाढू शकतात तसे कमीही होऊ शकतात, असा इशारा काही ठिकाणी आधीच दिलेला असतो. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यार्थ्यांचे गुण ही खासगी बाब मानली जाते. त्यामुळे नावानिशी निकाल फलकावर लावता येत नाही.

पर्यायांचे गणित

मनुष्यबळाचा प्रश्न सोडवण्यासाठी इलिनॉय विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने प्राथमिक अभ्यासक्रमांत बहुपर्यायी परीक्षांचा मार्ग स्वीकारला. 'ठोकून दिले' या आक्षेपाला तिथे शोधलेले उत्तर लक्षणीय आहे. पाच पर्यायांच्या प्रश्नाला एकच पर्याय निवडून तो बरोबर ठरला, तर सहा गुण. दोन पर्याय निवडले आणि त्यांत बरोबर उत्तर असले, तर तीन. तीन निवडले, तर दोन. ज्याला काहीच येत नाही, त्याने एक, दोन वा तीन पर्याय निवडले, तरी सरासरी अपेक्षित गुण १.२ एवढेच राहतात. म्हणजे अंधारात अनेक बाण मारून लाभ नाही. परंतु ज्याने विचारपूर्वक तीन चुकीचे पर्याय बाद केले, त्याला त्या अर्ध्या ज्ञानाचे तीन गुण निश्चित मिळतात. अशा परीक्षांची विश्वासार्हता तपासणारा अभ्यास याच विभागातील प्राध्यापकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. काळजीपूर्वक रचलेली बहुपर्यायी परीक्षा मोठ्या वर्गाचे मूल्यमापन विश्वासार्हपणे करू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता.

गुणांपासून श्रेणीपर्यंत

शंभरापैकी ५५ गुण म्हणजे काय? आपल्याकडे दुसरा वर्ग. अमेरिकेत ते सर्वस्वी वर्गाच्या सरासरीवर अवलंबून असू शकते. सापेक्ष पद्धतीत वर्गाचा आलेख पाहून श्रेणी दिली जाते. सरासरीच ४५ असेल, तर ५५ गुणांना 'बी' श्रेणीही मिळू शकते. निरपेक्ष पद्धतीत ९० च्या वर 'ए', ८० च्या वर 'बी' अशा रेषा आधीच आखलेल्या असतात.

दोहोंतही दोष आहेत. सापेक्ष पद्धतीत प्रश्नपत्रिका फार कठीण निघाली, तरी विद्यार्थी वाचतात. पण शेजाऱ्याला शिकवले, तर आपली श्रेणी घसरेल ही भीती मनात राहते. निरपेक्ष पद्धतीत ही स्पर्धा नसते, पण प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी चुकली, तर साऱ्या वर्गाला फटका बसतो. म्हणून अनेक प्राध्यापक मधला मार्ग काढतात. जाहीर केलेल्या रेषा गरज पडल्यास खाली आणल्या जातील, मात्र वर नेल्या जाणार नाहीत, असे ते सत्रारंभीच सांगतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तर पहिल्या सत्रातील नवागतांच्या अधिकृत गुणपत्रकावर श्रेणीच नसते. उत्तीर्ण झाल्याची नोंद तेवढी राहते, अपयशाची राहत नाही.

या श्रेणींचे मोल केवळ प्रतिष्ठेपुरते नसते. वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र सहसा टाळता येत नाही आणि प्रवेशाच्या वेळी सरासरी श्रेणी बारकाईने पाहिली जाते. 'बी प्लस' म्हणजे सामान्यतः ३.३ आणि 'ए मायनस' म्हणजे ३.७. या दोहोंमधली रेषा कधी कधी एका गुणाची असते. त्या एका गुणामागे कोणा पदव्युत्तर विद्यार्थ्याने रात्री उशिरा घेतलेला निर्णय असू शकतो.

सूत्रे पाठ, संकल्पना कच्च्या

या साऱ्या व्यवस्थेला खरा धक्का बसला तो परीक्षेच्या मजकुरावरून. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की यामिकीचा पूर्ण अभ्यासक्रम शिकल्यानंतरही विद्यार्थ्यांच्या मनातील गतीविषयीच्या भाबड्या समजुती फारशा बदलत नाहीत. याच दिशेने पुढे जात हेस्टेनिस यांनी माल्कम वेल्स आणि ग्रेग स्वॅकहॅमर यांच्यासह १९९२ मध्ये 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही चाचणी प्रसिद्ध केली. तीत आकडेमोड नाही. मालमोटार आणि छोटी मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर अधिक बल लावते, अशा धर्तीचे साधे प्रश्न आहेत. दोन्ही बले समान असतात, हा न्यूटनचा तिसरा नियम सर्वांना पाठ असतो. तरीही अनेकजण मालमोटारीच्या बाजूने कौल देतात.

हार्वर्डचे प्रा. एरिक मॅझूर यांना हे संशोधन प्रथम आपल्या विद्यार्थ्यांना लागू होईल असे वाटले नव्हते. त्यांनी चाचणी घेतली आणि त्यांचा भ्रमनिरास झाला. पुढे एका परीक्षेत त्यांनी विद्युतमंडलावर दोन प्रश्न घातले. पहिल्यात रोधांच्या जाळ्यातील प्रवाह काढायचा होता. दुसऱ्यात एक कळ दाबल्यावर तीन सारख्या दिव्यांपैकी कोणाचा प्रकाश वाढेल, कोणाचा घटेल, हे सांगायचे होते. आकडेमोडीचा पहिला प्रश्न विद्यार्थ्यांनी अधिक चांगला सोडवला. सोपा वाटणारा दुसरा त्यांना जड गेला. प्रवाहाची समीकरणे सोडवणाऱ्यांना प्रवाह कळला होताच असे नाही, हे त्यातून उघड झाले. यातूनच विद्यार्थ्यांनी वर्गातच परस्परांना समजावून सांगण्याची मॅझूर यांची अध्यापनपद्धती विकसित झाली.

रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचा ताळेबंद मांडला. सत्रारंभी न समजलेल्या भागापैकी सत्राअखेर किती भाग समजला, हे त्यांचे माप होते. पारंपरिक व्याख्यानांच्या वर्गांत ते सरासरी ०.२३ भरले, तर विद्यार्थ्यांना सक्रिय सहभागी करून घेणाऱ्या वर्गांत ०.४८. विशेष म्हणजे ही चाचणी सामान्यतः श्रेणीसाठी मोजली जात नाही आणि प्रश्नपत्रिकाही परत घेतली जाते. तिचे प्रश्न घोकले गेले, तर तिचा उपयोगच संपेल.

नव्या वाटा, नवे पेच

मिशिगन स्टेट विद्यापीठाने १९९२ पासून कापा नावाची संगणकप्रणाली वापरली. तीत प्रत्येक विद्यार्थ्याला गृहपाठाचे उदाहरण तेच, पण आकडे निराळे मिळत. शेजाऱ्याचे उत्तर उतरवण्याऐवजी त्याच्याशी रीतीची चर्चा करणे भाग पडे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन आणि सहकाऱ्यांनी दोन टप्प्यांच्या परीक्षेचा पुरस्कार केला. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तरपत्रिका लिहून द्यायची आणि लगेच तेच प्रश्न गटात चर्चा करून सोडवायचे. चूक ताजी असतानाच ती समजते आणि परीक्षा हाच एक धडा ठरतो. गुणांचा मोठा वाटा अर्थातच पहिल्या टप्प्याला असतो.

सर्वांत ताजा पेच कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. गेर्ड कॉर्टेमायर यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चॅटजीपीटीला प्राथमिक भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमातील मूल्यमापनाचा प्रातिनिधिक भाग सोडवायला दिला. नवशिक्याला शोभतील अशा चुका करीत का होईना, ते काठावर उत्तीर्ण झाले असते, असा निष्कर्ष निघाला. घरी सोडवलेल्या गृहपाठाला गुण देण्याच्या पद्धतीपुढे त्यामुळे प्रश्नचिन्ह उभे राहिले आहे.

आपल्यासाठी बोध

पारदर्शकतेचा प्रश्न आपल्याकडेही नवा नाही. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकार कायद्याखाली मान्य केला. मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये पडद्यावरील तपासणीची पद्धत लागू झाली आणि निकाल कित्येक आठवडे रखडले. ऑक्टोबरमध्ये तत्कालीन कुलगुरूंना पद गमवावे लागले. पडद्यावरील तपासणी तिकडेही होते. पण तिथे प्रश्न काढणारा आणि निकष ठरवणारा शिक्षक तपासणाऱ्यांसोबत एकाच विभागात असतो. लाखो उत्तरपत्रिकांच्या केंद्रीय व्यवस्थेत हा संवाद घडवून आणणे, हे यंत्र विकत घेण्यापेक्षा कठीण काम आहे.

तिकडे पदवीसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. केवळ अंतिम उत्तर न लिहिता प्रत्येक पायरी मांडावी. सत्रारंभीची पत्रिका काळजीपूर्वक वाचावी. आणि गुण कमी वाटल्यास संकोच न करता, पण मुदतीत आणि कारणासह विचारणा करावी.

विद्यार्थी जे विचारले जाईल तेच शिकतात, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. प्रश्नपत्रिकेत केवळ सूत्रे मागितली, तर सूत्रेच पाठ होतील. म्हणूनच परीक्षेत गुण विद्यार्थ्याला मिळत असले, तरी प्रश्नपत्रिका काढणाराही त्या दिवशी परीक्षेलाच बसलेला असतो.