गाणाऱ्या बाईचं तिकीट : हिराबाई बडोदेकर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' जमतील तेवढे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

दिवाळीनंतर मी गावी होतो. भंडारा जिल्हा, लाखांदूर तालुका. आमच्याकडे या दिवसांत गावोगावी मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. झाडीपट्टीचं नाटक काय असतं हे पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं मुख्य ठिकाण. तिथल्या कंपन्या दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा चार जिल्ह्यांत फिरतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं, आणि लोक तिकीट काढून बघतात.

तर मी आणि आजी नाटकाला बसलो होतो. नायिकेनं पद घेतलं. आजीनं शाल जरा बाजूला केली आणि विचारलं, "ही बाई होय का मानूस?"

म्हटलं, "बाई आहे, आजी."

"आमच्या वक्ती दंडारीत बाईचं काम मानूसच करे." मग थोड्या वेळानं, "तिच्या घरचे येऊ देतेत का तिले?"

मी काही बोललो नाही. त्याला कारण होतं. माझी चुलत बहीण बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाते चांगली. एका कंपनीनं तिला या सीझनला विचारलं होतं. घरी सगळे नाही म्हणाले. काकांनी मला फोन करून सांगितलं, "तू शिकलेला आहेस, तुझं ऐकंल ते." आणि मी तिला सांगितलं, "आधी डिग्री पूर्ण कर, मग बघू." ऐकायला समंजस वाटतं ना? खरं सांगायचं तर मी फक्त अंग काढून घेतलं होतं.

आता हा भाग मुळात दुसऱ्याच विषयावर होणार होता. एका श्रोत्यानं विचारलं होतं, फ्रेंच ऑपेरात उंच पट्टीत गाणाऱ्या ज्या गायिका असतात, सोप्रानो, त्यांच्यावर एक भाग करा. त्यासाठी वाचत होतो. १६८६ मध्ये पॅरिसला लुलीचा 'आर्मीद' हा ऑपेरा झाला, त्यात नायिका मारी ल रोश्वा या गायिकेनं केली. पण त्याच काळात रोममध्ये बायकांना रंगमंचावर यायला बंदी होती. तिथे बायकांच्या भूमिका पुरुष गायचे, आणि तेही लहानपणी शस्त्रक्रिया करून आवाज फुटू न दिलेले पुरुष. हे वाचलं आणि मला आजीचा प्रश्न आठवला. बाई होय का मानूस? मग पॅरिस बाजूला ठेवलं आणि मिरजेला आलो. कारण आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्या हयातीत बदललं, आणि ज्यांनी स्वतः ते बदलायला हात लावला, त्या हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये मिरजेत जन्मल्या.

आधी त्यांच्या घराबद्दल. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात गायला होते, तिथे दोघांचं जुळलं आणि दोघं बडोदा सोडून निघून आले. पुढे पाच मुलं झाली. हिराबाईंचं लहानपणीचं नाव चंपाकली. १९२० च्या आसपास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई झाली, सकीना पुढे सरस्वती राणे म्हणून नावारूपाला आली. आणि आडनाव काय, तर जे गाव सोडलं त्याचंच, बडोदेकर. हे मला फार विलक्षण वाटतं.

म्हणजे बघा, घरात गाणं आहे पण घर मोडलेलं आहे. धर्म, जात, प्रतिष्ठा या कुठल्याच रकान्यात हे कुटुंब नीट बसत नाही. आणि पाच मुलांचं पोट भरायचंय. हिराबाई आधी थोरल्या भावाकडून, सुरेशबाबूंकडून शिकल्या, मग उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. वहीद खाँ म्हणजे अतिविलंबित लयीत एकेक स्वर उलगडत जाणारे गवई. हिराबाईंच्या गाण्यातली ती शांत, न घाई करणारी बढत या तालमीतून आली.

आता त्या काळात गाणाऱ्या बाईची जागा कुठे होती? गाणाऱ्या बायका नव्हत्या असं अजिबात नाही. गौहर जाननं १९०२ मध्येच रेकॉर्ड दिली होती. मुंबईत अंजनीबाई मालपेकर होत्या, गोव्याच्या कलावंत घराण्यांतून एकाहून एक गायिका येत होत्या. विद्या त्यांच्याकडेच होती. प्रश्न गाण्याचा नव्हता, अटींचा होता. मैफल कुणाच्या दिवाणखान्यात, बोलावणारा कोण, बिदागी तो देईल ती, आणि ऐकायला कोण बसणार हेही तोच ठरवणार. सभ्य म्हणवणाऱ्या घरातल्या बायका तर तिथे येणारच नाहीत.

आणि नाटकात? १८८२ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' आलं तेव्हा त्यातली सुभद्रा भाऊराव कोल्हटकर करायचे. पुढे बालगंधर्व आले. 'मानापमान'मधली भामिनी, 'एकच प्याला'मधली सिंधू. त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांचं चालणं बघून मराठी घरातल्या बायका तसं नटायच्या. बाईनं कसं दिसावं हे पुरुष शिकवत होता, आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. चेष्टा म्हणून सांगत नाही, बालगंधर्वांचं गाणं आजही ऐकलं की गप्प व्हायला होतं. पण त्या सोन्याच्या काळात स्टेजवर बाई नव्हती, हेही तेवढंच खरं. सिनेमातही तेच. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषानं केलं, कारण दादासाहेब फाळक्यांना त्या भूमिकेसाठी बाई मिळाली नाही.

या परिस्थितीत हिराबाईंनी दोन गोष्टी केल्या.

पहिली, तिकीट लावून जाहीर मैफल. अशी मैफल करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री गायिका असं म्हटलं जातं. आता 'पहिली' या शब्दावर मी फार जोर देत नाही, कारण तो शब्द आला की आधीच्या सगळ्या जणी पुसल्या जातात. पण तिकिटानं काय बदलतं ते बघा. थिएटर असतं, वेळ ठरलेली असते, खुर्ची ठरलेली असते. दर दारावर लिहिलेला असतो आणि तो सगळ्यांना सारखा असतो. ऐकणारा यजमान नसतो, गिऱ्हाईक असतो, पैसे देऊन शांत बसणं हे त्याचं काम. आणि मुख्य म्हणजे तो बायकोला, आईला, मुलीला सोबत आणू शकतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो तसं, प्रोग्रॅम तोच ठेवला, परवानग्या बदलल्या.

दुसरी गोष्ट, नाटक कंपनी. १९२९ च्या सुमाराला भावंडांना सोबत घेऊन त्यांच्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा उभी राहिली. तिथे 'सौभद्र' झालं तेव्हा सुभद्रा होत्या हिराबाई. बाईचं काम बाई करतेय, पुरुषाचं पुरुष, आणि दोघं एकाच स्टेजवर. फक्त बायकांच्या नाटक मंडळ्या त्याआधीही होत्या, पण हे वेगळं होतं. सुभद्रेचा आवाज बाईच्या गळ्यातून यायला ४७ वर्षं लागली असं म्हणता येईल.

आता इथे गोष्ट गोड संपायला हवी होती. ती संपली नाही. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. बोलपट आल्यावर नाटक कंपन्या धडाधड बसल्या. खुद्द बालगंधर्व १९३५ च्या 'धर्मात्मा'मध्ये दिसले, तेही एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत. हिराबाईंची कंपनीही टिकली नाही. डोक्यावर कर्ज झालं. ते फेडलं कशानं? मैफलींनी. म्हणजे जे तिकीट त्यांनी स्वतः रुजवलं होतं, त्याच तिकिटानं त्यांना वाचवलं. १९३७ च्या 'प्रतिभा' सिनेमात काम केलं, रेकॉर्डी केल्या. ७८ च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. तासभर विलंबित मांडायची सवय असलेल्या बाईनं राग त्या तीन मिनिटांत बसवला. त्या तबकड्यांमुळे ज्यांच्या गावी कधी थिएटर झालं नाही, त्यांच्या घरातही हा आवाज पोहोचला.

पुढचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. सरोजिनी नायडूंनी 'गानकोकिळा' म्हटलं, १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमी, १९७० मध्ये पद्मभूषण. बालगंधर्वांना तो १९६४ मध्ये मिळाला होता. धाकट्या बहिणीसोबत, सरस्वती राणेंसोबत त्यांनी जुगलबंद्या गायल्या. प्रभा अत्रे सुरेशबाबूंकडे आणि त्यांच्याकडे शिकल्या. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये हिराबाई गेल्या.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिराबाईंची मैफल कशी असायची याची जी वर्णनं येतात, त्यात गाण्याइतकंच बसण्याचं कौतुक असतं. साधं नेसणं, हातवारे नाहीत, चेहरा शांत. त्या तशाच होत्या, त्यांचा स्वभावच तो. पण लोकांनी त्याचा नियम करून टाकला. अशी बसली तर ती कलावंत, आणि हात हलवून, डोळ्यांनी भाव दाखवत गाणारी ती 'तसली'. हिराबाईंनी जे दार उघडलं, त्या दारावर इतरांनी पहारेकरी बसवला. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणं होतं अशा किती तरी जणी त्या दाराबाहेर राहिल्या. याचा दोष मी हिराबाईंना देत नाही. आपल्याला देतो. कारण आजही मंडईत नायिका गाते तेव्हा मागच्या रांगेतून पहिला प्रश्न येतो तो 'कुणाची कोण' हाच.

परत आजीकडे येतो. पुण्याला निघायच्या आदल्या रात्री मी तिला मोबाइलवर हिराबाईंचं गाणं लावून दिलं. तिनं पूर्ण ऐकलं. म्हणाली, "आवाज बराय. इच्या घरचे येऊ देत होते का इले?"

म्हटलं, "घरचे म्हणजे आईच होती. तिनंच पुढं केलं."

"मंग बराबर," आजी म्हणाली. आणि झोपली.

पुण्याला आल्यावर मी बहिणीला फोन केला. या वेळी 'कर' किंवा 'नको करू' असं काही बोललो नाही. चार प्रश्न विचारले. एका नाईटचे किती देणार? पैसे कुणाच्या हातात देणार, तुझ्या की काकांच्या? मुक्काम कुठे? आणि पहाटे नाटक सुटल्यावर घरी कोण सोडणार?

ती हसली. पहिल्या तिन्हींची उत्तरं तिनं कंपनीकडून आधीच घेऊन ठेवली होती. कुणी विचारलंच नव्हतं म्हणून सांगितली नव्हती. चौथ्याचं उत्तर तिच्याकडे नाही. मी काकांना रविवारी फोन करणार आहे. ते काय म्हणतील याची मला कल्पना आहे, पण या खेपेला बोलणं गाडी कुणाची यावर व्हावं एवढाच प्रयत्न आहे.

तोवर तुम्ही हिराबाईंची एक तरी रेकॉर्ड ऐका, हेडफोन लावून, दुसरं काम न करता. तीनच मिनिटं लागतात. फ्रेंच गायिकांचा भाग राहिलाय, तो पुढच्या वेळी नक्की. भेटू.