संप आणि टाळें

ठाण्याची वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. महामंडळ स्थापन झालें १९६२ सालीं. तेथील कामगार 'स्ट्राइक' आणि 'संप' हे दोन्ही शब्द सारखेच वापरी. पण त्यांची कुळें निराळीं आहेत.

'स्ट्राइक'चा मूळ अर्थ प्रहार. तथापि १७६८ सालीं लंडनच्या खलाशांनीं शिडें उतरवून काम बंद पाडिलें, आणि शीड उतरविण्यासही तेंच क्रियापद असल्यानें नांव रूढ झालें. आमच्या 'संपां'त प्रहार मुळींच नाहीं. गुजरातींत संप म्हणजे आजही एकोपा. 'हरताळ' म्हणजे हाटास लावलेलें टाळें (पोथींतील चूक झांकणारा पिवळा हरताळ वेगळा). मालकाच्या प्रतिप्रहारास मराठीनें 'टाळेबंदी' म्हटलें: टाळें तेंच, किल्ली मात्र दुसऱ्याच्या हातीं!

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानें बेकायदा टाळेबंदीस उत्तर म्हणून केलेला संप बेकायदा मानिला नाहीं. उलट बाजूसही तीच मुभा दिली. तराजू समान दिसतो खरा, पण रिकाम्या पोटीं किती दिवस काढावयाचे, हें त्यांत तोललें जात नाहीं. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगारांनीं १८ जानेवारी १९८२ रोजीं संप पुकारला. पुढें अनेक गिरण्यांना कायमचीं टाळीं लागलीं. संप मात्र रीतसर मागें घेतलाच गेला नाहीं.